सरकीच्या दाण्याची तुलना

बीटी कापसाला, म्हणजे एका जिवाणूचे कीडरोधक जनुक घातलेल्या कापसाला, भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. कापूस नेसायचा, म्हणून त्याच्या पोषणाचा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. पण रुई काढल्यावर उरलेल्या सरकीचे तेल आपल्या स्वयंपाकात येते आणि ढेप गाईम्हशींपुढे पडते. मग बीटी सरकी आणि साधी सरकी यांच्या पोषणात फरक आहे की नाही, हे ठरवतात कसे?

बाजारातून दोन पोती आणून तपासली तर काहीच कळणार नाही. वाण, जमीन, पाऊस यांपैकी काहीही बदलले तरी दाण्यातले तेल आणि प्रथिने बदलतात. म्हणून ज्या वाणात जनुक घातले, तेच किंवा त्याच्या अगदी जवळचे जनुकाविना असलेले वाण तुलनेला घेतात. दोन्ही एकाच शेतात लावतात आणि कुठल्या वाफ्यात काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे ठरवतात. हे वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या मातीत होते. सोबत नेहमीच्या लागवडीतली काही वाणेही असतात.

दाणे प्रयोगशाळेत आले की आधी ओलावा मोजतात आणि सगळे आकडे कोरड्या वजनावर मांडतात; नाहीतर ओला नमुना उगाच निकस ठरेल. प्रथिनांसाठी नायट्रोजन मोजून ६.२५ने गुणतात. तेल द्रावकाने काढतात, दाणा जाळून राख मोजतात आणि कर्बोदके बहुधा वजाबाकीने काढतात. पुढे अमिनो आम्ले, स्निग्धाम्ले, खनिजे, जीवनसत्त्वे.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती अपायकारक घटकांची मोजणी. सरकीत असा घटक म्हणजे गॉसिपॉल. किडींपासून बचावासाठी झाड तो स्वतःच तयार करते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांना तो बऱ्यापैकी सोसतो, कोंबड्या-डुकरांना बाधतो. खाद्यतेलातून तो शुद्धीकरणात काढला जातो. नवे जनुक घातल्यावर तो वाढला नाही ना, हे पाहावेच लागते.

आकडे हाती आल्यावर घाई करून चालत नाही. साठ घटक तपासले आणि कसोटी ५ टक्क्यांची ठेवली, तर तीनेक घटक निव्वळ योगायोगानेही वेगळे दिसू शकतात. इथे ती नेहमीची वाणे कामी येतात: दिसलेला फरक त्यांच्यातल्या चढउताराच्या आतला आहे की बाहेरचा? बीटी सरकीच्या अशा तपासण्यांत प्रथिने, तेल आणि गॉसिपॉल साध्या सरकीच्या मर्यादेतच आढळले.

मात्र ही तुलना मोजलेल्या घटकांपुरतीच बोलते. ब्राझील नटमधले जनुक घालून सोयाबीनमध्ये मेथिओनीन हे अमिनो आम्ल वाढवले होते. पोषणाच्या हिशेबात ते सरस होते. पण त्या नटाची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तद्रवाने या सोयाबीनलाही प्रतिसाद दिला, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते वाण बाजारात आलेच नाही. ॲलर्जीची चाचणी वेगळी करावी लागते ती यासाठीच.

उलट, कधी फरक मुद्दाम घडवलेला असतो. अमेरिकेत कीर्ती राठोड यांच्या गटाने फक्त दाण्यातले गॉसिपॉल जवळपास ९७ टक्क्यांनी उतरवले. पाने-फुलांत ते तसेच ठेवले, म्हणजे झाडाचे संरक्षण शाबूत राहिले. तिथल्या कृषी खात्याने २०१८ मध्ये या कापसाच्या लागवडीचा मार्ग मोकळा केला.

त्यामुळे ‘जीएम (जनुकीय बदल केलेली) पिके कमी पौष्टिक असतात’ किंवा ‘जास्त पौष्टिक असतात’ असे कुणी सरसकट सांगितले, तर आधी विचारा: कोणते पीक, कोणते जनुक आणि तुलना कोणत्या वाणाशी केली?