डोळे अडखळले, कान धावले!

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. अख्खं ऑफिस वीकएण्डच्या मूडमध्ये आणि तेवढ्यात बॉसचा मेल येऊन धडकतो- ‘क्विकली वाचून कळव.’ सोबत अकरा पानांची अटॅचमेंट! तो ‘क्विकली’ बघितला की माझ्या पोटात गोळाच येतो. कारण मला डिस्लेक्सिया आहे. अक्षरं स्पष्ट दिसतात हो, पण त्यांचे आवाज डोक्यात जुळायला वेळ लागतो.

२००७ साली ‘तारे जमीं पर’ आला आणि घरच्यांना कळलं, पोरगी आळशी नाही. पण तो ईशान मोठा होऊन नोकरीला लागल्यावर काय करतो, ते कुणी सांगितलंच नाही! मी काय करायचे? प्रिंटआउट घरी न्यायचे, ताईकडून वाचून घ्यायचे. एकदा घाईत ‘नॉट अप्रूव्ह्ड’मधला ‘नॉट’ सुटला आणि क्लायंटला भलतंच कळवून बसले. अप्रेझलमध्ये शेरा- ‘निष्काळजी’.

शेवटी ताईच वैतागली, ‘‘अगं, कॉम्प्युटरलाच वाचायला सांग ना!’’

आधी ‘ओपनडिस्लेक्सिक’ हा फुकट फॉण्ट टाकला. अबेलार्डो गोन्झालेझने २०११मध्ये बनवलेला. अक्षरांचे तळ जाडजूड. दिसायला आवडला, पण वेग काही वाढला नाही. संशोधकांच्या चाचण्यांतही वाचनाचा वेग वाढल्याचं ठोस दिसलेलं नाही. शिवाय तो इंग्रजीसाठी. आपल्या मराठीत ‘पि’ची वेलांटी आधी दिसते, उच्चारायची नंतर. ‘घ’ आणि ‘ध’ तर जुळे भाऊच!

कामाला आले ते कान. तुम्हीही करून बघा, खिशाला शून्य चाट:

* एज ब्राउझरमध्ये कण्ट्रोल-शिफ्ट-यू दाबा. पान मोठ्याने वाचलं जातं, बोलला जाणारा शब्द ठळक होतो. मराठी आवाजही आहेत.

* वर्डमधल्या ‘इमर्सिव्ह रीडर’मध्ये ‘लाइन फोकस’ लावा. एक, तीन किंवा पाचच ओळी उजळ राहतात, डोळे भरकटत नाहीत.

* अॅण्ड्रॉइड फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करा. बोट ठेवाल ते वाचून दाखवतो.

फक्त, काही आवाज इंटरनेटवरून चालतात. गोपनीय फाइल ऐकण्याआधी आयटीवाल्यांना विचारा.

आता ऑफिसात माझ्या कानात सतत इअरफोन. परवा बॉसने टोकलंच, ‘‘कामाच्या वेळी गाणी?’’

‘‘नाही सर, तुमचा मेल ऐकतेय.’’

ते हसले. मी नाही हसले. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांना सगळं सांगून टाकलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आम्हीही येतो, हेसुद्धा. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘आधी का नाही बोललीस?’’

काय सांगणार? भीती, दुसरं काय!

काल त्यांचा मेल आला, चौदा पानांचा. ‘क्विकली’ गायब. त्याच्या जागी होतं- ‘सोमवारपर्यंत ऐकून कळव.’