घाटानं घेतलेला अर्धा लिटर
किलोमीटरचा हिशेब : लेखांक ६

मनोरला मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडला की विक्रमगडपर्यंत गाडीला फारसं काही जाणवत नाही. पुढे वळणं लागतात, गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो आणि जव्हारला पोचेपर्यंत गाडी समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर वर आलेली असते. पेट्रोलचा काटा एवढ्या अंतरात एरवी उतरतो त्याहून बराच जास्त उतरलेला असतो. मग गाडीवर संशय येतो. प्लग बदला, फिल्टर बघा, अशी धावपळ सुरू होते.

गाडी बिचारी निर्दोष असते. चार माणसं आणि सामान धरून १,२०० किलोची गाडी ४५० मीटर उचलायला सुमारे ५३ लाख ज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर पेट्रोलमध्ये ऊर्जा असते सव्वातीन कोटी ज्यूलच्या आसपास, पण इंजिन त्यातली जेमतेम ३० टक्के कामाला लावतं. बाकीची उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे रस्ता कापण्याचा खर्च वेगळाच, नुसती उंची चढायला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पेट्रोल लागतं. हिशेब वजनावर चालतो, म्हणून डिकीत विसरलेली ५० किलोची सिमेंटची गोणी दर चढणीला वीस-बावीस मिलिलिटर घेते.

खरा प्रश्न परतीचा आहे. हा अर्धा लिटर उंचीच्या रूपानं गाडीजवळ जमा असतो. उतरताना तो वसूल कसा करायचा?

जव्हार-मोखाड्याकडेच कशाला, घाट असेल तिथं याचं एक उत्तर हमखास ऐकू येतं: न्यूट्रल करा आणि सोडून द्या. हा सल्ला एके काळी अगदीच चूक नव्हता. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनाचे फेरे चालू असले की थोडंफार पेट्रोल ओढलं जायचंच. न्यूट्रलला फेरे कमी, म्हणून पेट्रोलही कमी. पण मारुती ८०० मध्येसुद्धा २००० साली एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारं इंजिन आलं, आणि आज शोरूममधून निघणारी प्रत्येक पेट्रोल गाडी इंजेक्टरचीच असते. बापाकडून मुलाकडे आलेली सवय मात्र तशीच राहिली.

इंजेक्टरच्या गाडीत नेमकं काय होतं, ते उतारावर बारकाईनं बघण्यासारखं आहे. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलेला आहे, इंजिनाचा काटा दोन हजारावर आहे. चाकंच इंजिन फिरवताहेत, हे गाडीच्या संगणकाला कळतं आणि तो इंजेक्टर बंद करतो. पेट्रोल शून्य. डॅशबोर्डवर तात्कालिक मायलेजची पट्टी असेल, तर ती थेट टोकाला जाऊन टेकते. आता न्यूट्रल करा: चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून इंजेक्टर पुन्हा पेट्रोल सोडू लागतात, तासाला अर्धा ते एक लिटर या हिशेबानं. पट्टी लगेच मागे सरकते. जुन्या डिझेल जीपच्या पंपातला गव्हर्नरही उतारावर गिअरमध्ये असताना डिझेल तोडतोच, म्हणजे तिथंही न्यूट्रलनं फार काही हाती लागत नव्हतं.

त्र्यंबकेश्वरहून मोखाड्याकडे येताना तोरंगण घाट उतरावा लागतो. तिथं न्यूट्रलमधली भरलेली गाडी सगळा भार ब्रेकवर टाकते. लायनर तापतात, जळका वास येतो, पॅडल दाबूनही गाडी आवरेनाशी होते. इंजिनच बंद करणाऱ्याचं तर काही खरं नाही: दोन-तीनदा पाय दाबला की ब्रेक बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पॅडल दगडासारखं घट्ट होतं. पावसाळ्यात, धुक्यात, ओल्या रस्त्यावर हा जिवाशी खेळ आहे, आणि तोही जे पेट्रोल वाचत नाही त्याच्यासाठी. म्हणून ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम मायलेजच्या हिशेबातही खरा उतरतो. उतार सौम्य असेल आणि गाडी उगाच अडखळत असेल, तर वरचा गिअर टाकावा, न्यूट्रल नाही.

चढताना मात्र वरच्या गिअरचा मोह आवरावा लागतो. चौथ्यात इंजिन घुटमळू लागलं, ठोके ऐकू आले, की तिसरा टाकायलाच हवा. पाय आणखी दाबून पेट्रोल जातं, गाडी हलत नाही. उलट दुसऱ्यात इंजिन ओरडवत ठेवणं हाही तोटाच. वळणाआधी गिअर बदलून घेतला आणि वळणात वेग टिकवला, तर पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. कारण सगळ्यात महाग पडतं ते चढावर थांबून निघणं. हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की पेट्रोलही जळतं आणि क्लच प्लेटही. अशा वेळी हँडब्रेक ओढावा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा रस्त्याचा कायदेशीर नियम आहे. उतरणाऱ्यानं तो पाळला, तर समोरून भार घेऊन येणाऱ्याचं पेट्रोल वाचतं. उतरणाऱ्याचा त्यात क्षणभर वेळ जातो, इंजेक्टर तर बहुतेक बंदच असतात.

पुढच्या आठवड्यात : टायरमधली हवा.