जमिनीखालचे धोबी

जंतु म्हटले कीं पटकी, क्षय, विषमज्वर हींच नांवें आपल्या मनांत येतात. परंतु मनुष्यानें नासविलेलें भूजल शुद्ध करणारीही एक जंतूंची जात आहे. तिची हकीकत येथें थोडक्यांत देतों.

लोकरी व रेशमी कपडे पाण्यावांचून धुण्यासाठीं टेट्राक्लोरोएथिलीन नांवाचें द्रव्य पुष्कळ वापरण्यांत आलें. कारखान्यांतून यंत्रांचे तेलकट भाग साफ करण्यासही तेंच चाले. हें द्रव्य पाण्याहून जड आहे. त्यामुळें तें सांडलें कीं झिरपत भूजलाच्याही तळाशीं जाऊन बसतें, आणि तेथून वर्षानुवर्षें थोडथोडें विरघळत राहतें. विहिरीचें पाणी दिसावयास निर्मळ, परंतु पिण्यास घातक!

ह्याच्या प्रत्येक रेणूंत क्लोरिनचे चार परमाणु असतात. ते चारही एकामागून एक काढून टाकणारा जंतु अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं वेगळा काढून १९९७ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या जातीचें नांव डिहॅलोकोकॉइडिस. आपणांस श्वासोच्छ्वासासाठीं जसा प्राणवायु, तसें ह्यास हें विष. प्राणवायु त्यास मुळींच सोसत नाहीं. त्याचें अन्न हायड्रोजन. तो मिळावा म्हणून जमिनींत काकवी किंवा वनस्पतींचें तेल सोडतात. तें इतर जंतु आंबवितात व त्यांतून हायड्रोजन निघतो. चारही परमाणु गेले म्हणजे उरतो एथिलीन वायु. अढींतले आंबे ज्याच्या योगानें पिकतात, तोच हा!

खरी मेख मधल्या पायरीवर आहे. तीन परमाणु निघाले व चौथा राहिला, तर व्हायनिल क्लोराईड तयार होतें. तें मूळ द्रव्याहूनही वाईट, यकृताचा कर्करोग उत्पन्न करणारें आहे. काम अर्धवट राहिल्यास पाणी अधिकच विषारी व्हावयाचें.

टेक्सास संस्थानांत सॅन अँटोनिओ येथील केली ह्या लष्करी विमानतळावर झालेला प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें नुसतें अन्न घातलें, तेव्हां तेथल्या जंतूंनीं दोन परमाणु काढले आणि काम अडलें. मग दुधास विरजण लावावें त्याप्रमाणें, ह्या जंतूंनीं युक्त असें १३ लिटर पाणी आंत सोडलें. सुमारें २०० दिवसांत मूळ द्रव्य व त्याचे पहिले दोन अवशेष, प्रत्येक लिटरमागें ५ मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे एका ग्रॅमच्या दोन लक्षांव्या भागाच्याही खालीं गेले.

शिशासारख्या धातूंचा मात्र असा नाश करितां येत नाहीं, कारण मूलद्रव्य मोडणें जंतूंच्या शक्तीबाहेरचें आहे. आणि जेथें हा उपाय चालतो, तेथेंही नळ्या पुरून पाण्याचे नमुने पुढें पुष्कळ दिवस तपासावे लागतात. त्यांत पहिला शोध घेतात तो व्हायनिल क्लोराईडचाच.