संप कोणी थांबवायचा?

पनवेलनजीकच्या कोन येथील सुमारे २,४०० घरांची सोडत २०१६ साली निघाली, ती मुंबईच्या बंद पडलेल्या गिरण्यांतील कामगार व त्यांच्या वारसांसाठी. १९८२च्या संपानंतर तब्बल ३४ वर्षांनी लागलेले हे घर, तेही गिरणगावापासून कोसच्या कोस दूर!

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबवले. पगारवाढीची त्यांची मागणी रास्तच होती. परंतु १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार एकाच्या मागे आणि कायदा दुसऱ्याच्या! ही गाठ सरकारने सोडवली नाही. मालकांना ती सोयीचीच होती.

तथापि, सारा दोष तेथेच टाकून संघटनांना मोकळे होता येणार नाही. महिन्यांमागून महिने गेले, घरांतील भांडीकुंडी विकली गेली. पण संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. संप पुकारण्याचे सामर्थ्य होते. माघारीची वाट मात्र कोणी आखली नव्हती.

संपाचा हक्क अबाधितच राहिला पाहिजे. मात्र संप केव्हा सुरू करावा, केव्हा थांबवावा आणि वाटाघाटीस कोणी बसावे, हे कामगारांच्या गुप्त मतदानानेच ठरावे. शिक्षक-कारकुनांच्या संघटनांनाही हाच नियम लागू व्हावा. जिद्द नेत्याची असते. चूल मात्र कामगाराची विझते.