आईचा रिपोर्ट आणि खोबरेल तेल

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईने दार उघडले आणि मी क्षणभर बघतच राहिलो. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, आवाज घोगरा झाला होता आणि भर दुपारी तिच्या अंगावर स्वेटर होता. आमचे गाव सातारा जिल्ह्यात आहे. दिवाळीत तिथे सकाळी थंडी असते, पण दुपारी बारा वाजता स्वेटर कोणी घालत नाही.

आईला चार वर्षांपासून थायरॉईडचा त्रास आहे आणि ती रोज सकाळी एक गोळी घेते. "घेत होती" असे म्हणायला हवे, कारण ऑगस्टमध्ये तिने गोळी बंद केली होती. चिपळूणच्या मावशीला फोनवर कोणाकडून तरी एक मेसेज आला होता. रोज सकाळी रिकाम्या पोटी दोन मोठे चमचे खोबरेल तेल घ्या, थायरॉईड मुळापासून बरा होतो, गोळीची गरज राहत नाही, असे त्यात लिहिले होते. मावशीने तो काळजीपोटीच पुढे पाठवला आणि आईने लगेच तेल सुरू केले. रविवारच्या फोनवर तिने मला हे सांगितलेही होते. मी म्हणालो, "बरं आहे की, नैसर्गिक आहे." त्याच महिन्यात आमच्या दहावीच्या वर्गात संप्रेरकांचा धडा चालू होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही रक्त तपासून घेतले. टीएसएच ३८ आला. तो साधारण ४ च्या आत असावा लागतो. एलडीएल म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते १८२ होते. रिपोर्ट बघून आजी लगेच म्हणाली, "बघ, तेलातुपानं केलं. उद्यापासून फोडणी बंद." डॉक्टरांनी मात्र फोडणीबद्दल काही विचारले नाही. गोळी कधी बंद केली, एवढेच त्यांनी विचारले. त्या एका प्रश्नाचा अर्थ कळायला मला बरेच वाचावे लागले. तो अर्थ इथे मांडतो, कारण आपल्या शाळेतल्या बऱ्याच जणांच्या घरी हीच गोळी असेल.

ही ग्रंथी करते काय?

थायरॉईड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली असते. आकार फुलपाखरासारखा, वजन फक्त वीसेक ग्रॅम. आयोडीन वापरून ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके बनवते. नावातला आकडा म्हणजे त्यातल्या आयोडीनच्या अणूंची संख्या. शरीराने किती वेगाने इंधन जाळायचे, हे ही संप्रेरके ठरवतात. ती कमी पडली की थंडी वाजते, थकवा येतो, बद्धकोष्ठता होते, वजन वाढते आणि त्वचा कोरडी पडते. मेंदूखालची पियुषिका ग्रंथी मग टीएसएच वाढवून थायरॉईडला "काम वाढव" असा हुकूम देते. म्हणून टीएसएच जास्त असणे म्हणजे थायरॉईड कमी पडणे. हे उलटे गणित मला दोनदा समजून घ्यावे लागले.

हा आजार दुर्मीळ नाही. भारतातल्या आठ शहरांमधली एक मोठी पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात आपले बंगळूर होते, तसेच मुंबई आणि गोवाही होते. पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या रक्ततपासणीत सुमारे ११ टक्के लोकांचा थायरॉईड कमी काम करत असल्याचे आढळले. त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याला असे काही आहे हे ठाऊकही नव्हते. मुंबई आणि गोव्यात खोबरे रोजच्या जेवणात असते. खोबरेल तेलाने हा आजार मुळापासून बरा होत असता, तर आपल्या किनाऱ्यावर तो कधीच संपला असता.

बाण कुठल्या दिशेने?

मेसेज लिहिणाऱ्याचे म्हणणे असे की तेल बदलले की थायरॉईड सुधारतो. आजीचे म्हणणे असे की तेलाने थायरॉईड बिघडला. दोघांनीही बाण चरबीकडून थायरॉईडकडे काढला. खरा मोठा बाण उलट्या दिशेने जातो. थायरॉईड रक्तातल्या चरबीवर हुकमत चालवतो.

सत्र संपताना आपण सगळे स्टोअरमध्ये किट जमा करायला जातो. चार खिडक्या उघड्या असतील तर रांग अर्ध्या तासात संपते. एकच खिडकी उघडी असेल तर तीच रांग मैदानापर्यंत पोचते. किट तेवढेच असते, फक्त घेणारे हात कमी पडतात. आपल्या यकृतावर अशाच खिडक्या असतात. रक्तातले एलडीएल तिथे उचलले जाते. या खिडक्यांचा शोध लावल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. किती खिडक्या उघडायच्या, हे ठरवण्यात थायरॉईड संप्रेरकाचा मोठा हात असतो. संप्रेरक कमी झाले की खिडक्या बंद होतात आणि जेवण तेच असले तरी रक्तात कोलेस्टेरॉल साचत जाते.

हा संबंध इतका पक्का आहे की थायरॉईड संप्रेरक थेट मोजण्याची सोय नव्हती, त्या काळात डॉक्टर निदानाला आधार म्हणून कोलेस्टेरॉल बघत असत. आजही एखाद्याचे कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की आधी थायरॉईड तपासून घेतात. आईच्या डॉक्टरांनी म्हणूनच गोळीबद्दल विचारले.

यात खोबरेल तेलाचाही थोडा हात असणार. त्यातली जवळजवळ ९० टक्के चरबी संतृप्त असते आणि संतृप्त चरबी एलडीएल वाढवते. शिवाय दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे २४० कॅलरी. ज्या शरीराची भट्टी आधीच मंद झाली होती, त्यात आई रोज हे जास्तीचे इंधन ओतत होती.

मग आईला आधी बरे का वाटले?

हा प्रश्न मी डॉक्टरांनाच विचारला. पहिले दोन-तीन आठवडे आईला काहीच त्रास नव्हता आणि त्यामुळेच तिचा तेलावर विश्वास बसला होता. डॉक्टर म्हणाले, "गोळीतलं टी-४ रक्तातून निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो." म्हणजे गोळी बंद केल्यावर एका आठवड्याने निम्मे, दोन आठवड्यांनी पाव, तीन आठवड्यांनी आठवा हिस्सा. आधीची शिल्लक शरीर वापरत होते आणि श्रेय तेलाला मिळत होते. त्यानंतरचा थकवा इतका हळूहळू आला की आईने तो वयाच्या आणि कामाच्या खात्यावर टाकला.

याच कारणाने गोळी पुन्हा सुरू केल्यावरही लगेच तपासणी करत नाहीत. सहा ते आठ आठवडे थांबतात.

तेलाचा थायरॉईडशी काहीच संबंध नाही का?

थोडा आहे, आणि तो नीट माहीत असावा. प्रयोगशाळेत काही असंतृप्त मेदाम्ले संप्रेरकाच्या कामात अडथळा आणताना दिसली आहेत. त्यावरून शेंगदाणा, करडई, सूर्यफूल ही तेले थायरॉईडला मारक आहेत अशी भीती पसरवली जाते. पण परीक्षानळीतले तेल वेगळे आणि भाजीवाटे पोटात जाणारे तेल वेगळे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शेंगदाण्याच्या आणि करडईच्या तेलात स्वयंपाक होतो. ते सोडायला डॉक्टरांनी सांगितले नाही.

दुसरा संबंध जीवनसत्त्वांचा. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळतात. जेवणात चरबी अजिबात नसेल तर ती नीट शोषली जात नाहीत. आयोडीनची कमतरता असताना अ जीवनसत्त्वही कमी पडले तर थायरॉईडचे काम आणखी अवघड होते. गाजराच्या कोशिंबिरीवरची चमचाभर फोडणी म्हणजे नुसती चैन नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात गलगंड रोखण्यासाठी खरोखरच तेलाचे इंजेक्शन देऊ लागले. खसखशीच्या तेलात आयोडीन बांधून ते टोचत. एका इंजेक्शनचा परिणाम काही वर्षे टिकत असे. पण काम आयोडीनचे होते. तेल ही फक्त त्याची गाडी होती.

आपल्या देशाने त्यासाठी मीठ निवडले. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात प्रयोग केला. काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागात साधे. काही वर्षांत आयोडीनयुक्त मिठाच्या भागांत गलगंड खूप कमी झाला, साध्या मिठाच्या भागात तो तसाच राहिला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या माणसाला दिवसाला फक्त १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, पण ते रोज लागते.

आईच्या आजाराचे कारण मात्र मिठात नाही. तिच्या शरीराचे संरक्षक दल स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. आपल्याच ठाण्यावर गोळीबार करणाऱ्या तुकडीला तेल पाजून थांबवता येत नाही. ठाण्याला लागणारी रसद मात्र बाहेरून पुरवता येते. ती रसद म्हणजे रोजची गोळी.

कॅडेट मित्रांसाठी

बॉक्सिंगच्या स्पर्धेआधी वजनगटात बसण्यासाठी आपल्यातले काही जण पोळीवरचे तूप सोडतात, मग भात सोडतात, मग रात्रीचे जेवणच सोडतात. मीही मागच्या वर्षी हे केले आहे. शरीराला उपासमार जाणवली की ते टी-३ कमी करते आणि भट्टी मंद करते. ही शरीराची बचत योजना आहे. थंडी वाजते, सकाळी पीटीला पाय उचलत नाहीत आणि वजनही हट्टाने थांबते. वाढीच्या वयात चरबी पूर्ण बंद करण्यात शौर्य नाही. तळलेले रोज नको, एकदा तळलेले तेल पुन्हापुन्हा तापवलेले नको, पण जेवणातले साधे तेलतूप हवे. वजन कमी करायचेच असेल तर प्रशिक्षकांना सांगून, काही आठवडे आधीपासून करावे.

पालकांसाठी

आईच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी आता आमच्या फ्रिजवर चिकटवल्या आहेत. गोळी सकाळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध, नाश्ता काही नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तासांचे अंतर ठेवायचे. सोयाबीनचे पदार्थ या गोळीचे शोषण कमी करू शकतात, म्हणून ते गोळीच्या वेळेपासून दूर ठेवायचे. आणि बरे वाटते म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करायची नाही. बरे वाटते ते गोळीमुळेच.

शेवटी रिपोर्टबद्दल. आठ आठवड्यांनी आईचा टीएसएच ५ वर आला आणि एलडीएल ११८ झाले. मधल्या काळात तिने खोबरेल पिणे बंद केले, पण शेंगदाण्याचे तेल आणि वरणभातावरचे तूप चालूच होते. आता ती दुपारी स्वेटर घालत नाही. खोबरेलची बाटली तिने फेकली नाही, डोक्याला लावते. मावशीला तिने स्वतः फोन करून सगळे सांगितले आणि मावशीने तो मेसेज जिथे जिथे पाठवला होता, तिथे तिथे डॉक्टरांचे म्हणणे लिहून कळवले.

रविवारचा फोन अजूनही असतो. आई नेहमीप्रमाणे माझा अभ्यास, जेवण, सर्दी सगळे विचारते. मी आता तिला आधी विचारतो, "आई, आज गोळी किती वाजता घेतलीस?"

जय हिंद.