स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया
जयसिंगपूरजवळ मिरजेस डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय काढलें. तेव्हांपासून शस्त्रक्रिया या मुलखास परकी राहिली नाहीं. स्वादुपिंडाची गोष्ट मात्र निराळी. आंतड्याशीं घातलेला जोड गळला, तर अन्न पचविणारा रस भोंवतालच्या रक्तवाहिन्यांसच खाऊं लागतो. ग्रंथि मऊ, नलिका ३ मिलिमीटरांहून अरुंद, रोगी स्थूल किंवा रक्तस्राव फार, तर हा धोका वाढतो. जुनाट दाहानें कठीण झालेल्या ग्रंथींत टांके उलट चांगले धरतात. ग्रंथीचा मऊपणा आपल्या हातीं नाहीं. धूम्रपान सोडणें व पोषण सुधारणें हें आहे. रुग्णालयही केवळ जवळचें म्हणून निवडूं नये. तेथें वर्षाकाठीं अशा किती शस्त्रक्रिया होतात, हें आधीं विचारावें.