नोव्हेंबरातला पाऊस

गोड्या मसाल्यात आपण दगडफूल चिमूटभरच घालतो. युरोपच्या उत्तर टोकाला मात्र त्याच्याच जातकुळीतल्या वनस्पतीवजा जीवावर लाखो जनावरं अख्खा हिवाळा काढतात. या जीवाला शास्त्रात लायकेन म्हणतात. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा जोडसंसार: शैवालानं उन्हावर अन्न तयार करायचं, बुरशीनं निवारा आणि ओलावा सांभाळायचा. त्याला मुळं नसतात आणि त्याची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर होते. एकदा तुडवलं, जाळलं किंवा खरवडलं की पुन्हा पहिल्यासारखं व्हायला कित्येक दशकं जातात.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प या पट्ट्यात सामी लोक राहतात. युरोपीय संघाच्या हद्दीतला एकमेव आदिवासी समाज म्हणून त्यांचा उल्लेख होतो. सगळे सामी काही रेनडिअर पाळत नाहीत. पाळणारे थोडेच आहेत. पण त्या थोड्यांच्या कळपांभोवती या समाजाची भाषा, गाणी, नातीगोती आणि जमिनीवरचा हक्क असं सगळंच गुंफलेलं आहे. तिन्ही नॉर्डिक देशांत मिळून सहा लाखांच्या आसपास रेनडिअर आहेत, आणि हिवाळ्यात त्यांचा मुख्य चारा म्हणजे हिमाखाली दडलेलं लायकेन.

ते शोधण्यासाठी निसर्गानं रेनडिअरला काय काय दिलं आहे, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. हिमाच्या जाड थराखालचा चारा त्याला वासावरून कळतो. त्याच्या डोळ्यांना अतिनील प्रकाश दिसतो. हिम हा प्रकाश परावर्तित करतं आणि लायकेन तो शोषून घेतं, त्यामुळे आपल्याला जिथं सगळं पांढरंफटक दिसतं तिथं त्याला लायकेनचे गडद ठिपके दिसतात. डोळ्याच्या मागचा चकाकणारा पडदाही ऋतूप्रमाणे रंग बदलतो, उन्हाळ्यात सोनेरी आणि हिवाळ्याच्या अंधारात निळा. रुंद खुरांनी हिम उकरून तो खड्डा करतो आणि तोंड खाली घालून चरत राहतो. थंडीचं म्हणाल तर उणे तीस-चाळीस अंश सेल्सियसचंही त्याला फारसं काही वाटत नाही.

म्हणूनच तापमानवाढीची बातमी ऐकून आपल्या मनात पहिल्यांदा येतं ते इथं उलटं ठरतं. हिवाळा थोडा उबदार झाला तर बिचाऱ्या जनावरांना बरंच नाही का? नाही. कोरडी, कडक, सलग थंडी हीच त्यांची मित्र. तशा थंडीत जमीन वरच्या हवेपेक्षा उबदार असते. जमिनीलगतच्या हिमातली वाफ वर सरकत राहते आणि तळाशी जाड साखरेसारखे मोकळे कण उरतात. असा भुसभुशीत तळ खुरानं सहज उकरला जातो. सामी पशुपालक कुरणावर पोचला की आधी खड्डा खणून हाच तळ तपासतो.

आता त्या हिमावर पाऊस पडला तर काय होतं ते पाहा. पाणी पांढऱ्या थरांतून झिरपत खाली जातं, जमिनीवर साचतं आणि पुन्हा पारा उतरला की तिथंच गोठतं. लायकेन बर्फाच्या काचेत बंद होतं. दोन-चार सेंटिमीटरचा असा टणक थर खुरांनी फुटत नाही आणि त्यातून वासही वर येत नाही. याला आणखी एक पदर आहे. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, किलोमागे सुमारे ३३४ किलोज्यूल. ही उष्णता वरच्या हिमाच्या दुलईमुळे आत कोंडते, जमीन नीट गोठत नाही आणि चाऱ्यावर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. म्हणजे काही तासांच्या पावसानं पुढच्या सहा महिन्यांच्या चाऱ्याला कुलूप लागतं, आणि जो काही चारा हाती लागतो तोही नासलेला असू शकतो.

हे कुलूप किती जीव घेतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण सामींच्या नव्हे, त्यांच्या दूरच्या भाषिक भाऊबंदांच्या मुलखातलं आहे. वायव्य सायबेरियातल्या यमाल द्वीपकल्पात नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप घेऊन शेकडो किलोमीटर उत्तर-दक्षिण फिरतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथं हिमावर पाऊस झाला आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी आली. बर्फाचा थर वसंतापर्यंत वितळलाच नाही. द्वीपकल्पावरच्या सुमारे पावणेतीन लाख रेनडिअरपैकी ६१ हजार उपासमारीनं मेले. त्याआधी नोव्हेंबर २००६ मधल्या अशाच पावसानं २० हजारांचा बळी घेतला होता. फिनलंडमधल्या लॅपलँड विद्यापीठाचे ब्रूस फोर्ब्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोन्ही घटनांचा संबंध जवळच्या बॅरेंट्स आणि कारा समुद्रांवरच्या घटत्या बर्फाशी जोडला. नोव्हेंबरात समुद्रावर बर्फाचं झाकण नसेल तर पाण्याची वाफ मोकळेपणी वर चढते. हवाही उबदार असते, आणि हवेचं तापमान एका अंशानं वाढलं की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. मग जे हिम म्हणून पडायचं ते पाऊस म्हणून पडतं.

त्याच यमालमध्ये २०१६च्या उन्हाळ्यात पारा ३५ अंशांकडे गेला, कायम गोठलेली जमीन नेहमीपेक्षा खोलवर वितळली आणि १९४१ नंतर तिथं न दिसलेला अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी, उफाळून आला. दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले, बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. रेनडिअरना पूर्वी दिली जाणारी लस काही वर्षांआधी बंद केली होती, हेही इथं सांगायला हवं. नाहीतर सगळा दोष हवामानावर ढकलून मोकळं होता येतं.

पाऊस चुकीच्या महिन्यात आला की फिरत्या पशुपालकाचं काय होतं, हे महाराष्ट्राला शिकवायला नको. डिसेंबर २०२१च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि गारठ्यानं जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर भागांत उघड्यावर बसलेल्या धनगरांच्या मेंढ्या मोठ्या संख्येनं दगावल्या. तिथं मारलं ते ओल्या लोकरीनं आणि थंडीनं, उत्तरेत मारते ती भूक. पण रानात असलेल्या माणसाची असहायता तीच.

उत्तर ध्रुवाचा प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगानं तापतो आहे, असं फिनिश हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवलं. त्यामुळे हिमावरचा पाऊस पूर्वी कधीमधी येणारं संकट होता, तो आता नेहमीचा पाहुणा होऊ लागला आहे. उपग्रहांवरच्या सूक्ष्मलहरी उपकरणांना हिमातला ओलावा आणि बर्फाचा थर ढग-अंधारातूनही टिपता येतो, म्हणून अशा घटनांचे नकाशे आता बनतात. पण नकाशा पाहून पुढं काय करायचं? पशुपालकाला सुचणारं उत्तर शेकडो वर्षं एकच होतं: तिथून निघायचं. एका खोऱ्यात बर्फ जमला असेल तर दुसऱ्या खोऱ्यात, उघड्या माळावर जमला असेल तर जंगलात. जुन्या जंगलात झाडांच्या फांद्यांवरून दाढीसारखं लायकेन लोंबतं. खालचं सगळं बंद झालं तरी तेवढ्यावर कळप तग धरतो.

कळपाची रचनासुद्धा याच हिशेबानं व्हायची. सामी पशुपालक कळपात धिप्पाड, बडवलेले नर राखून ठेवत. माजाच्या दिवसांत ते वाळत नाहीत, त्यामुळे ऐन हिवाळ्यातही अंगात ताकद असते. कडक थर ते फोडतात आणि त्यांनी उकरलेल्या खड्ड्यांत माद्या-पाडसांनाही चारा मिळतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेच्या सरकारी धोरणानं मांसाचं उत्पादन हा निकष धरला. त्या हिशेबात पाच-सहा वर्षांचा बडवलेला नर म्हणजे नुसता खाणारा. जास्तीत जास्त माद्या ठेवा, पाडसं शरद ऋतूत कापा, असं शास्त्रीय म्हणवणारं गणित आलं आणि अनुदानंही त्याला जोडली गेली. बडवलेल्या नरांचं प्रमाण घसरलं. कागदावर कळप कार्यक्षम झाला. बर्फ फोडणारे मात्र उरले नाहीत. २००७-०८च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात सुरू झालेल्या 'एआलात' या प्रकल्पात सामी पशुपालक आणि संशोधक एकत्र बसले, तेव्हा ही जुनी रचना म्हणजे हवामानाच्या लहरीविरुद्धचा विमा होता, हे नव्यानं मांडलं गेलं. याच फळीतल्या इंगर मारी गौप एइरा यांनी हिमाविषयीच्या सामी ज्ञानावर डॉक्टरेटचा प्रबंध चक्क सामी भाषेत लिहिला. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा धागा हाच आहे. आदिवासींचं ज्ञान म्हटलं की आपण हात जोडतो किंवा नाक मुरडतो. ते तपासून पाहण्याचे कष्ट फार थोडे घेतात.

राहिला प्रश्न निघून जाण्याचा. तर जायचं कुठं? १७५१ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्क-नॉर्वे यांच्यात सीमा ठरली, तेव्हा सामींना कळपासह सीमा ओलांडण्याचा हक्क करारात लिहून दिला होता. १८५२ मध्ये नॉर्वे आणि फिनलंड यांच्यातली सीमा कळपांसाठी बंद झाली आणि शेकडो वर्षांचे मार्ग तुटले. पुढं धरणं आली, रेल्वे आली, खाणी आल्या. स्वीडनमध्ये लायकेननं समृद्ध असलेल्या जंगलांचं क्षेत्र साठ वर्षांत ७१ टक्क्यांनी घटलं, आणि त्याचं मुख्य कारण हवामान नव्हे, तर लाकडासाठीची आधुनिक वनशेती. झाडं सरसकट तोडायची आणि जागी दाट लागवड करायची. दाट सावलीत जमिनीवरचं लायकेन तगत नाही आणि झाडं लोंबत्या लायकेनचं वय येण्याआधीच कापली जातात. २०१८च्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत स्वीडनमधली आणखी काही कुरणं जळाली.

मग उरतं ते विकतचं खाद्य. हिवाळा बिघडला की आता अनेक पशुपालक कळप कुंपणात घेऊन गोळीपेंड घालतात. हे वाटतं तितकं सोपं नाही. लायकेन पचवण्यासाठी रेनडिअरच्या पोटात खास जिवाणू असतात. उपाशी जनावराला एकदम गवत घातलं तर पोट भरलेलं असूनही ते मरू शकतं, कारण गवत पचवणारे जिवाणू पुरेसे तयार झालेले नसतात. दाटीवाटीनं डोळ्यांचे आणि पोटाचे संसर्ग पसरतात. खर्च तर आहेच. आणि मोकळं फिरणारं, अर्धं रानटी जनावर दावणीला बांधून ठेवायचं असेल तर मग ही पशुपालनाची जुनी रीत उरतेच किती, असं सामी विचारतात.

या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग तापमानवाढीवरच्या उपायांचा आहे. कार्बन कमी करायचा तर पवनचक्क्या हव्यात, आणि वारा उघड्या डोंगरमाथ्यांवर असतो. तिथंच हिवाळ्यात हिम वाऱ्यानं उडून पातळ राहतं, म्हणून तिथंच कळपांची हिवाळी कुरणं असतात. नॉर्वेतल्या फोसेन द्वीपकल्पावर १५१ पवनचक्क्या अशाच कुरणांत उभ्या राहिल्या. रेनडिअर त्यांच्या जवळपास फिरकत नाहीत. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला, की हे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात आणि म्हणून अवैध आहेत. पाती फिरतच राहिली. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा सामी तरुणांनी ऑस्लोत ऊर्जा मंत्रालयात ठाण मांडलं. ग्रेटा थुनबर्ग त्यांच्यासोबत बसली. हवामानासाठी शाळा सोडून बसलेली मुलगी पवनचक्क्यांच्या विरोधात कशी, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. तिचा विरोध पवनचक्कीला नव्हता, जागेला होता, हे सांगूनही फारसं कुणाच्या कानी गेलं नाही.

स्वीडनमध्ये किरुनाजवळ दुर्मीळ मृदा धातूंचा मोठा साठा असल्याचं तिथल्या सरकारी खाण कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं. विजेच्या मोटारी आणि पवनचक्क्या या दोहोंच्या चुंबकांना हे धातू लागतात. तो साठा गाब्ना या सामी पशुपालक समुदायाच्या भूमीत आहे आणि त्यांच्या कळपांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर पडतो. किरुनाच्या जुन्या लोहखाणीनं आणि शहरानं ती वाट आधीच चिंचोळी केली आहे.

फोसेनचा वाद डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिणेकडच्या पशुपालकांशी आणि मार्च २०२४ मध्ये उत्तरेकडच्यांशी तडजोड होऊन मिटला. पवनचक्क्या जागच्या जागी राहिल्या. पशुपालकांना भरपाई मिळाली, आणि दक्षिणेकडच्यांशी झालेल्या करारात सरकारनं दुसरीकडे जादा हिवाळी कुरण मिळवून देण्याची हमी दिली. ते कुरण ज्या मुलखात शोधायचं आहे, तिथं आधीपासून दुसऱ्या कुणाचे तरी रेनडिअर चरत आहेत.